पहिली खेप

कुंभार पिंपळगावच्या आठवडी बाजारात बांगड्यांच्या पालावर जाऊन स्वतःसाठी नेलपॉलिश घेणारा पुरुष एकच, अण्णासाहेब मिस्तरी. पन्नाशीचा गडी, मिशीत पांढरं आलेलं, बोटांच्या पेरांत ऑइल असं मुरलेलं की साबणाने हात टेकलेले. हा माणूस पालासमोर उकिडवा बसून "राणी कलर दाखवा, चमकीचा नको" म्हणायला लागला की शेजारच्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. हसू देत. अण्णाला त्याचं काही वाटत नसे. फवारणीचा पंप असो, लूना असो की विहिरीवरचं जुनं इंजिन, काम झालं की शेवटचा स्क्रू आवळून त्यावर तो नेलपॉलिशचा एक ठिपका द्यायचा. ठिपका शाबूत तोवर काम आपलं आणि बोलणी खायची तीही आपणच. ठिपका फुटला म्हणजे मधे दुसऱ्या कुणाचा तरी हात लागला. गिऱ्हाईक तावातावाने भांडायला आलं की अण्णा आधी ठिपका बघायचा, मग तोंड उघडायचा. निम्मी भांडणं तिथंच मिटायची.

दुकान पिंपळगावात असलं तरी घर उमरघाटात, गंगेच्या काठावर. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. उमरघाटचं दुखणं असं की गावाच्या एका अंगाला गंगा आणि दुसऱ्या अंगाला ओढा. वरच्या धरणातून पाणी सुटलं की गंगा फुगते आणि तिचं पाणी उलटं ओढ्यात शिरतं. गावाचं बेट होतं. ओढ्यापलीकडे शाळेचं टेकाड आहे, तिथं पोचलं की सुटलो. पण पोचायचं कसं, हाच दर वेळचा घोर.

म्हणून काही वर्षांपूर्वी गावाने धरणावरच्या एका मासेमारी ठेकेदाराची जुनी बोट आणली. तिच्या मागच्या फळीला अडकवायची मोटार होती. डोकं वर, लांब पाय पाण्यात आणि पायाच्या टोकाला पंखा. "जरा अडखळते," असं ठेकेदार म्हणाला होता. गावात आणून टोपण काढलं तर आत गांधीलमाश्यांचं पोळं. ती किती वर्षं अडखळत होती ते यावरून समजा.

असलं यंत्र अण्णाने जन्मात पाहिलं नव्हतं. पण उघडून बसला तसा त्याचा चेहरा खुलला. "आरं, ही तर फवारनी पंपाची थोरली बहीन हाय की!" तोच कार्बोरेटर, तसाच प्लग, तसंच पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं. फरक एवढाच की हिला थंड राहायला नदीचं पाणी लागायचं. तिच्या पायात खाली छोटा इंपेलर होता, रबराच्या पाकळ्यांचं फुलासारखं चाक. ते फिरलं की पाणी वर चढणार, इंजिनाभोवती फिरणार आणि मागच्या बारीक भोकातून धारेने बाहेर पडणार. अण्णाने गावाला एकच गोष्ट पढवून ठेवली होती. धार चालू तोवर मोटार जिवंत. धार थांबली की जागच्या जागी बंद करायची, दुसरा विचार करायचा नाही.

त्या सगळ्या खटाटोपात अण्णाशेजारी बसून पाने-पक्कड हातात देणारा आणि दोरी ओढून ओढून खांदा दुखवून घेणारा माणूस म्हणजे आदिनाथ. दोघे पहिलीपासून एका बाकावरचे. त्या काळी शाळेत बौद्धवाड्यातल्या पोरांचा, म्हणजे अण्णाचाही, पेला वेगळा असायचा. आदिनाथ एके दिवशी सगळ्यांदेखत अण्णाच्या पेल्याने पाणी प्यायला आणि घरी जाऊन बापाचा मार खाल्ला. ही गोष्ट आदिनाथ कदाचित विसरला असेल, अण्णा विसरला नव्हता. त्या एका पेल्यावर त्याने जन्मभराचा विश्वास टाकला होता. बोटीच्या शेडची चावी कुणाकडे ठेवायची, असा प्रश्न ग्रामपंचायतीत निघाला तेव्हा दुसऱ्या कुणी बोलायच्या आत अण्णाच म्हणाला, "आदिनाथाकडं. बोटपन त्योच चालवल." आणि ठरलं, की बोट पुरासाठी, एरवी तिला हात लावायचा नाही. दर उन्हाळ्यात अण्णा मोटार उघडायचा, तपासायचा, बंद करून ठिपका द्यायचा. मग कुलूप आणि आदिनाथाच्या करगोट्याला चावी.

गेल्या भादव्यात व्हायचं ते झालं. सकाळी सकाळी भोंगा वाजला, पाणी सुटलं, दुपारपर्यंत ओढा दिसेनासा झाला. बोट काढली. पहिल्या खेपेला बायका आणि लेकरं. आदिनाथ आला तो मनगटाला हळदीचं फडकं बांधून. "बैलानं झटका देला, अण्णा. दांडी धरवत न्हाई. मशीन तुझं, तूच चालव. मी मानसं चढवतो."

आदिनाथाची म्हातारी आई, साळूबाई, तोवर बोटीत जाऊन बसलीसुद्धा होती. आदिनाथाने पाण्यात उतरून तिला दोन्ही हातांनी उचललं आणि परत काठावर ठेवलं. "माय, तू मागून. पयले लेकुरवाळ्या." आणि तिच्या जागेवर त्याने अण्णाच्या बहिणीला बसवलं, बेबीनंदाला, मांडीवर पोरगी प्रिया. बेबीनंदाचा नवरा जालन्याला एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात, आठवड्याने घरी येणारा. ती एकटीच होती. काठावरच्या बायांनी ते पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. सख्ख्या आईला उतरवून दुसऱ्याच्या बहिणीला जागा देतोय, असा माणूस कुठं मिळतो! अण्णालाही तेच वाटलं. त्याने मागे वळून पाहिलं, धार पडत होती. त्याने बोट सोडली.

निम्म्यात जळका वास आला. पाऊस असा कोसळत होता की धार कुठली आणि पाऊस कुठला हे कळायला मार्ग नव्हता. मोटार घरघरली आणि गप्प झाली. अण्णाने दोरी ओढली तर दगडाला बांधल्यासारखी. ओढ्यावरून आता गंगाच वाहत होती, तिची ओढ बोटीला ओढ्याच्या तोंडाकडे, मूळ पात्राकडे न्यायला लागली. बाया किंचाळल्या. नशीब एवढंच की तोंडाशी बाभळींचं बन होतं आणि बोट त्यात जाऊन अडकली. धडक बसली तशी प्रिया बेबीनंदाच्या हातातून निसटली. अंगद नावाचा मासे धरणारा पोऱ्या वल्ह्यावर होता, त्याने पाण्यात हात घालून तिची वेणी धरली. वेणीनेच तिला वर ओढलं. संध्याकाळी तालुक्याची मोठी बोट येईपर्यंत ती माणसं काट्यांना धरून बसली होती. सगळी वाचली. पण प्रियाच्या डोक्यावर आंघोळीचा तांब्या ओतला तरी ती आजही ओरडते.

त्या संध्याकाळी टेकाडावर बेबीनंदा सगळ्यांसमोर म्हणाली, "दादा, तुह्या हातावर इस्वास ठिवून बसले व्हते मी." बस्स, एवढंच. त्यानंतर ती अण्णाच्या घराची पायरी चढली नाही. चार घरं सोडून राहते, पण रस्ता बदलून जाते. अण्णाची बायको चांगुणाबाई दोनदा जाऊन आली, भाजी देऊन आली. भाजी ठेवून घेतली, पण बेबीनंदा तिच्याशी बोलली नाही.

आणि गाव? गावाच्या जिभेला काय हाड असतं का! अण्णाच्या ठिपक्याची चेष्टा सुरू झाली. "ठिपका देलाय ना? मंग बुडनारच." फवारणीचे पंप दुसऱ्या गावाला जायला लागले. पूर ओसरल्यावर पारावर आदिनाथाचा सत्कार झाला, आईला मागे ठेवणारा माणूस म्हणून. सरपंच काकासाहेबांनी हार अण्णाच्याच हातात दिला. मुद्दाम दिला की सहज, देव जाणे. अण्णाने तो घातला. आदिनाथाने दोन्ही हात वर करून नारळ डोक्याला लावला आणि अण्णाला सगळ्यांदेखत मिठी मारली. "चूक मानसाकडूनच व्हती," असं म्हणाला. अण्णा तिथंच रडला.

नंतरच्या दिवसांत त्याच्या दारी येणारा आदिनाथ एकटाच. चहा प्यायचा, पाठीवर हात फिरवायचा. "मोटार भंगारात जाऊ दे, अण्णा. मीच जालन्याला नेऊन घालतो. पाहिली की तुला तेच आठवंल." केवढा आधार वाटायचा अण्णाला! जगाने टाकलं, पण याने नाही टाकलं.

भंगारात घालायला मात्र अण्णा तयार होईना. आपण कुठे चुकलो ते बघितल्याशिवाय त्याला घास गोड लागत नव्हता. त्याने सरपंचांकडून परवानगी घेतली आणि कापूस वेचणीच्या दिवसांत, बाकी काम नव्हतंच म्हणून, मोटार अंगणातल्या लिंबाखाली आणून लाकडी घोड्याला अडकवली.

पहिल्या दिवशी त्याने फक्त प्लग काढला. टोक पांढरंफटक पडलं होतं, बारीक फोड आल्यासारखं. म्हणजे मशीन तापलं. प्लगच्या भोकातून रॉकेल-ऑइल सोडून त्याने ते रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी दोरीला झटके दिले तसा पिस्टन कुरकुरत हलला. वरचं झाकण उघडलं. पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे.

अण्णाने पाना खाली ठेवला. त्याला वाटत होतं तेच निघालं. पेट्रोलमध्ये ऑइल कमी पडलं की पिस्टन असाच खरवडतो आणि टाकी तर त्याने स्वतः भरली होती. "माह्याच हातून झालं," तो चांगुणाबाईला म्हणाला. ती पीठ मळत होती. "नीट बघा तरी," ती म्हणाली. "का आधीच गुन्हा कबूल करून बसता?"

मग त्याने टाकीच्या तळाशी राहिलेलं थोडं पेट्रोल जुन्या वर्तमानपत्रावर टाकलं आणि शेजारी, बरोबर मापाने नवं मिसळून, तेवढंच दुसरं टाकलं. उन्हात पेट्रोल उडून गेलं, मागे ऑइलचे दोन डाग राहिले. सारखेच. त्याने कागद उजेडाला धरून पाहिला, चांगुणाबाईला दाखवला. ऑइल बरोबर होतं. चूक त्याची नव्हती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला भूक लागली.

ऑइल बरोबर आणि तरी तापलं, म्हणजे पाणी चढलं नाही. मागच्या भोकात तार घातली, ती सरळ आत गेली. मग खालचा पाय. अण्णाने पान्याला हात घातला आणि थांबला. बोल्टांवर ठिपके होते. प्रत्येकावर एकेक, जागच्या जागी. पण ते त्याचे नव्हते.

त्याचा ठिपका राणी रंगाचा, गुळगुळीत, नखावर असतो तसा. हे ठिपके लाल होते, गेरूसारखे, जाड, कडेला सुरकुतलेले. दुरून बघणाऱ्याला फरक कळला नसता. पुराच्या दिवशी त्या धांदलीत त्यालाही कळला नव्हता. कुणीतरी पाय उघडला होता. उघडून परत बसवला होता. आणि वर अण्णाची खूण नक्कल करून ठेवली होती, म्हणजे अण्णा फसावा म्हणूनच.

त्याने पाय उघडला. आत बारीक वाळू ठासून भरली होती, गंगेची, चमकणारी. पुराच्या पाण्याबरोबर येतो तो गाळ नव्हता हा. वाळूच्या खड्ड्यात दिवसच्या दिवस मोटार चालवली की पायात जशी वाळू बसेल, तशी ती बसली होती. आणि इंपेलरच्या जागी निळं काहीतरी वितळून चिकटलेलं. अण्णाने ते चिमट्याने सोडवून बाहेर काढलं. पायातल्या स्लिपरच्या तळव्याचा तुकडा, पाकळ्या कापून इंपेलरसारखा केलेला. थंड पाण्यात तो थोडा वेळ फिरला असणार, म्हणून सुरुवातीला धार पडली. मशीन तापलं तसा तो मऊ झाला आणि बसला.

वाळूचं गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं. गंगेतून चोरून वाळू काढणाऱ्यांना बोटी लागतात. पण शेडची चावी? आणि ठिपक्याची सवय जवळून बघितलेला माणूस? बोटं मोजायचीसुद्धा गरज नव्हती. अण्णाच्या मनाने तरी आदिनाथाची बाजू धरली. बिचाऱ्यावर दाब आला असेल. वाळूवाल्यांनी चावी हिसकावली असेल. त्याला काही माहीतच नसेल. तो निळा तुकडा रुमालात गुंडाळून अण्णा आदिनाथाच्या घराकडे निघाला तेव्हा तो भांडायला निघाला नव्हता. "मला ठाऊक न्हवतं" एवढं ऐकायला निघाला होता.

आदिनाथ घरी नव्हता. गोठ्यात बैल रवंथ करत उभे होते. पोळ्याला रंगवलेली त्यांची शिंगं आता बरीच खरवडली होती, तरी बुडाशी रंग शिल्लक होता. गेरूसारखा लाल, जाड, कडेला सुरकुतलेला. अण्णा तिथंच उभा राहिला. पोळा होऊन गेल्यावर थोड्याच दिवसांत पूर आला होता.

"कोन, अण्णा का? ये की, बस," साळूबाई ओसरीवरून म्हणाली. तिने सुनेला चहा टाकायला सांगितला आणि आपलं आवडतं पुराण काढलं. "मी तर बोटीत बसले व्हते, बाबा. ह्यानं मला लेकरावानी उचललं अन् खाली ठिवलं. म्हनला, बेबीनंदाला बसू दे. असा लेक पोटी येयाला पुन्य लागतं." म्हातारी हसत होती. ही गोष्ट अण्णाने दहा वेळा ऐकली होती आणि दहाही वेळा मान डोलावली होती. आज त्याने कपबशी तशीच खाली ठेवली. चहा न पिताच तो उठला.

आदिनाथ वाटेतच भेटला, वैरणीचा भारा घेऊन. अण्णाने रुमाल उलगडून तुकडा पुढे धरला. आदिनाथाने भारा खाली टाकला. इकडे तिकडे पाहिलं.

"ते... वाळूवाल्यांनी थोड्या दिसासाठी मागितली व्हती, अण्णा. मी न्हाईच म्हनलं व्हतं. पन लई मागं लागले. मंग त्यांच्याकडून ते रबरी चाक गेलं. नवं आनायचंच व्हतं मला, खरंच आनायचं व्हतं. तवर आसलं बसवलं. यंदा पानी येतंय कशाचं, आसं वाटलं."

"अन् ठिपके?"

आदिनाथाने पडलेली वैरण पायाने भाऱ्याकडे सारली.

"आलं ना पानी. मंग काठावर का न्हाई बोलला?"

"सगळं गाव उभं व्हतं, अण्णा. कसं बोलू? वाटलं, एक खेप तर निघंल."

"एक खेप निघंल वाटलं," अण्णा म्हणाला, "तर मायला काहून उतरवलं?"

आदिनाथ भारा उचलायला वाकला. अण्णाने त्याच्या मनगटाकडे पाहिलं. सत्काराच्या दिवशी, पुराला चार दिवस झाले नव्हते तेव्हा, याच हातांनी त्याने नारळ वर उचलला होता आणि मनगटावर ना फडकं होतं ना सूज. ते अण्णाने तेव्हाच पाहिलं होतं. बघूनही त्याच्या मनात काही आलं नव्हतं, कारण मित्राकडे तसं बघायचं असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं. अण्णाला राग आला आणि त्याहून जास्त लाज वाटली. आपल्या बहिणीला मरायला बसवणाऱ्याच्या गळ्यात आपण आपल्या हाताने हार घातला, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो.

"गावाला सांगू नको, अण्णा," आदिनाथ हात जोडून म्हणाला. "माय हाय खाईल माही. तिचा जीव जाईल."

"मी न्हाई सांगत. तू सांग. मी मोटार चालू करतो. बंधाऱ्याच्या पान्यात सोडू, गाव येईल. तवा तुह्या तोंडानं सांग. एवढं कर."

आदिनाथाने मान हलवली. अण्णाने त्या मानेवर पुन्हा विश्वास टाकला. मूर्ख म्हणा हवं तर. पहिलीपासूनची सवय एका दुपारी सुटत नाही.

खरा इंपेलर शहरातून मागवला. रिंगा नव्या घातल्या, पिस्टन पॉलिश पेपरने हळूहळू साफ केला, पायातली वाळू धुऊन धुऊन काढली. चांगुणाबाई पाणी ओतत होती. तिला सगळं कळलं होतं, पण ती गावभर बोलत सुटणारी बाई नव्हती. शेवटी बोल्ट आवळून अण्णाने राणी रंगाचे ठिपके दिले. पत्र्याच्या अर्ध्या पिंपात पाणी भरून मोटार लावली. दुसऱ्या झटक्याला ती बोलली आणि मागून धार पडली. अण्णा ती धार बराच वेळ हातावर घेत बसला. जेवढा आनंद व्हायला हवा होता तेवढा होत नव्हता.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी बोट आणि मोटार बंधाऱ्यावर नेली. पाणी संथ होतं, वारा नव्हता. सरपंच काकासाहेब आले, अंगद आला, बायका आल्या. लांब, बाभळीखाली, प्रियाचा हात धरून बेबीनंदा उभी होती. चांगुणाबाईने तिला काय सांगून आणलं होतं ते तिलाच ठाऊक. आदिनाथ साळूबाईला घेऊन आला. अण्णाने त्याच्याकडे पाहिलं. आदिनाथाने काकासाहेबांकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं, घसा खाकरला. लोक जवळ सरकले. मग तो म्हणाला, "चला, अण्णाकडून झालेली चूक त्यानंच दुरुस्त केली, लई आनंद झाला," आणि टाळ्या वाजवल्या. लोकांनीही वाजवल्या.

अण्णाने टाळ्या संपू दिल्या. मग बोटीत उतरला, दोरी ओढली, मोटार चालू झाली, मागे धार पडायला लागली. "बसा कोन बसतं ते," तो म्हणाला.

कुणी पुढे होईना. एकदा हात पोळलेली माणसं ती. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. तेवढ्यात साळूबाई काठी टेकत पुढे आली. "मी बसते की. त्या टायमाला ह्यानं बसू देलं न्हाई. आज पयली खेप माही." तिने एक पाय बोटीत टाकला.

आणि आदिनाथ धावला. पाण्यात पाय टाकून त्याने तिला मागून दोन्ही हातांनी धरलं. "माय, तू मागून! पयले दुसरे बसू दे!"

शब्द तेच, हात तेच. धार पडत होती, मोटार चांगली चालली होती आणि तरी तो आईला ओढत होता. अण्णाच्या लक्षात आलं की आदिनाथाला भीती वाटते आहे. आपण जे केलं तेच आता अण्णा करेल, पायात काहीतरी घालून ठेवलं असेल, असं त्याला वाटतंय. एवढ्या वर्षांत याने आपल्याला इतकंच ओळखलं! तो निळा तुकडा बघून जेवढं दुखलं नव्हतं तेवढं अण्णाला आता दुखलं.

"सोड तिला," अण्णा म्हणाला. "ठिपके माहे हायेत."

काठावर कुणाला काही कळलं नाही. एका बाईला कळलं. बेबीनंदा बाभळीखालून पुढे आली होती आणि आदिनाथाच्या हातांकडे टक लावून बघत होती. तिला ते हात आठवत होते. त्यांनी उचलून रिकाम्या केलेल्या जागेवर ती बसली होती. तिने अण्णाकडे पाहिलं. "दादा," ती हळू म्हणाली, "त्याला ठाव व्हतं?"

अण्णाने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्याने फक्त खाली बघितलं. बेबीनंदाने पदर खोचला, प्रियाचा हात सोडवून चांगुणाबाईच्या हातात दिला आणि आदिनाथाच्या शेजारून, त्याला धक्का लागला तरी न थांबता, बोटीत येऊन बसली. प्रियाला तिने काठावरच ठेवलं. तेवढा विश्वास अजून परत आला नव्हता आणि अण्णाने तो मागितलाही नाही.

आदिनाथाचे हात सुटले होते. साळूबाई बेबीनंदाशेजारी टेकली. अण्णाने बोट सोडली. काठावर आदिनाथ गुडघाभर पाण्यात तसाच उभा राहिला.

मधोमध गेल्यावर म्हातारीने थंड पाण्यात बोटं बुडवली आणि लेकरासारखी हसली. "बघितलं का, अण्णा," ती म्हणाली, "किती जीव हाय त्याचा माह्यावर. आजबी बसू देत न्हवता. तुला आसा दोस्त भेटला, नशीबवान हायेस तू."

बेबीनंदाने भावाकडे पाहिलं. अण्णा मागे वळून धारेकडे बघत होता. धार बरोबर पडत होती.

"व्हय मावशी," तो म्हणाला.